निर्बंधांचा भार कोणाच्या खांद्यावर?

एखाद्या देशातील सेनापतींनी सत्ता बळकावली, निवडणुकीचा कौल पायदळी तुडवला आणि विरोधकांना तुरुंगात डांबले, की जगातील बलाढ्य लोकशाही राष्ट्रांकडून एक ठरावीक मागणी पुढे येते. त्या देशाशी व्यापार तोडा, असे म्हटले जाते. सैन्य पाठवणे परवडत नाही आणि नुसता निषेध नोंदवून गप्प बसणे लाजिरवाणे वाटते. तेव्हा या दोहोंमधील मार्ग म्हणून आर्थिक निर्बंधांकडे पाहिले जाते. निर्बंधांचे समर्थक त्यांना अहिंसक शस्त्र म्हणतात; विरोधकांच्या मते ती गरिबांच्या पोटावर मारलेली लाथ असते. ब्रह्मदेशाचा, म्हणजे १९८९ पासून म्यानमार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारताच्या पूर्वेकडील शेजाऱ्याचा, १९८८ नंतरचा अनुभव तपासला, तर या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटू लागतात.

राजस्वशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कराघात आणि करभार असा भेद शिकवला जातो. सरकार ज्याच्याकडून कर वसूल करते तो एक असतो आणि अखेर ज्याच्या खिशातून पैसा जातो तो बहुधा दुसराच असतो. विक्रीकर दुकानदार भरतो, पण भार गिऱ्हाइकावर पडतो. ज्याच्यापाशी भार पुढे ढकलण्याची ताकद असते तो सुटतो. ज्याला दुसरा पर्याय नसतो तो सापडतो. निर्बंध हाही एक प्रकारचा करच होय, फक्त तो परक्या सरकारने बसवलेला असतो. कायद्याच्या मजकुरात त्याचा आघात सेनापतींवर होतो. भार कोणावर पडेल हे मात्र आयात-निर्यातीचे परवाने, चलनाचा विनिमयदर आणि सरहद्दीवरील नाकी कोणाच्या ताब्यात आहेत यावर ठरते. लष्करी राजवटीत या तिन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात असतात.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते आणि ते देण्याचा भारताला विशेष अधिकार आहे. कारण वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडण्यात १९४६ साली पहिले पाऊल भारतानेच टाकले. पण तेथे निर्बंधांनी जे साधले ते कोणत्या वाटेने साधले, हे पाहिले पाहिजे. १९८५ साली अमेरिकी बँकांनी अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण नाकारले आणि रँड कोसळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोऱ्या उद्योगपतींचे एक शिष्टमंडळ झांबियात गेले आणि बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटले. सरकार अन्यायी होते, तरी गोऱ्या मतदाराला आणि गोऱ्या भांडवलदाराला ते उत्तरदायी होते. ज्याला झळ लागली त्याचे म्हणणे सरकारला ऐकून घ्यावे लागत होते. ब्रह्मदेशातील शिलाई कामगार स्त्रीची नोकरी गेली, तर तिचे म्हणणे ऐकण्याची कोणत्या सेनापतीवर सक्ती होती?

अर्थात ब्रह्मदेशाची गरिबी निर्बंधांनी जन्माला घातलेली नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि समाजवादाच्या नावाखाली देशाची दारे बंद केली. बँका, गिरण्या, दुकानेसुद्धा सरकारजमा झाली. पिढ्यान्पिढ्या तेथे राहिलेल्या लाखो भारतीयांना चंबुगबाळे आवरून परतावे लागले. एकेकाळी जगाला तांदूळ पुरवणारा हा देश १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अविकसित देशांच्या यादीत जाऊन बसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा कोणताही मोबदला न देता एका फटक्यात रद्द झाल्या आणि पुढे ४५ व ९० क्याटच्या नोटा आल्या, कारण नऊ हा आकडा ने विन यांना शुभ वाटत असे. शिलकीचा पैसा असा डोळ्यांदेखत कागद झाल्यावर विद्यार्थी रस्त्यावर आले यात नवल नव्हते. १९८८ चा उठाव लष्कराने रक्तात बुडवला. १९९० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण सत्ता सोडावयास लष्कर तयार झाले नाही. हे सर्व अमेरिकेने एकही व्यापारबंदी घालण्यापूर्वीचे आहे.

अमेरिकेने १९९७ साली ब्रह्मदेशात नवी गुंतवणूक करण्यास बंदी घातली. या वाक्यातील ‘नवी’ हा शब्द महत्त्वाचा होता. अंदमान समुद्रातील यादाना वायुक्षेत्रात फ्रान्सच्या टोटाल कंपनीबरोबर युनोकल ही अमेरिकी कंपनी आधीच भागीदार होती. तिची गुंतवणूक जुनी, म्हणून ती अबाधित राहिली. १९९८ पासून यादानाचा वायू नळाने थायलंडला जाऊ लागला आणि लष्करी सरकारला डॉलरचा असा झरा गवसला की जो पुढील दोन तपे आटला नाही. युनोकल २००५ साली शेवरॉनने विकत घेतली. झरा वाहतच राहिला.

मे २००३ मध्ये देपायिन येथे सू ची यांच्या ताफ्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्याची प्रतिक्रिया म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने ब्रह्मदेशातील मालाच्या आयातीवर सरसकट बंदी घातली. अमेरिकेत जाणारा हा माल मुख्यतः तयार कपड्यांचा होता. रंगूनच्या पश्चिमेकडील लाइंग थायासारख्या औद्योगिक वस्त्यांतून खेड्यांतल्या मुली शिवणयंत्रावर बसत आणि पगारातून घरी पैसे धाडत. त्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगारांचा, त्यांत बहुतांशी तरुण स्त्रियांचा, रोजगार गेला हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच पुढे मान्य केले. त्यांपैकी काहींवर देहविक्रयाची वेळ आली, हेही. याच काळात ब्रह्मदेशाच्या खाणींतील माणिक थायलंडमध्ये पैलू पाडून घेऊन अमेरिकेच्या बाजारात येत होते. पैलू थायलंडमध्ये पडले म्हणून तो थायी माल! ही पळवाट बुजवणारा कायदा २००८ साली झाला. सदऱ्याला दार बंद करावयास काही आठवडे पुरले आणि माणकांना बंद करावयास पाच वर्षे लागली. याला निव्वळ नजरचूक म्हणणे कठीण आहे. सदरा शिवणारीच्या बाजूने वॉशिंग्टनमध्ये बोलणारे कोणी नव्हते. जवाहिऱ्यांच्या बाजूने होते.

आता वायूच्या पैशाकडे वळू. ब्रह्मदेशात त्या काळी डॉलरचा अधिकृत दर सहा क्याटच्या आसपास होता आणि खुल्या बाजारात तो हजार क्याटच्या वर गेलेला होता. ऑस्ट्रेलियाचे अर्थशास्त्रज्ञ शॉन टर्नेल यांनी एक गोष्ट दाखवून दिली: वायूपासून मिळालेले डॉलर सरकारी हिशेबात अधिकृत दराने जमा केले जात. त्याचा अर्थ साध्या गणिताने समजतो. शंभर कोटी डॉलर सहाच्या दराने मांडले तर अंदाजपत्रकात सहाशे कोटी क्याट दिसतात. हजाराच्या दराने तेच एक लाख कोटी होतात. दोन आकड्यांमधील दरीत शाळा, दवाखाने, रस्ते यांचा पैसा गडप झाला. अंदाजपत्रक सदैव तुटीचे, तूट भरून काढण्यासाठी नोटांची छपाई, त्या छपाईतून महागाई, आणि वायूचे खरे डॉलर मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती. (टर्नेल पुढे सू ची सरकारचे सल्लागार झाले आणि २०२१ च्या बंडानंतर त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, त्यांची सुटका नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली.) २००५ साली राजधानी रंगूनहून नेपिडो येथे, माळरानावर वसवलेल्या नव्या नगरीत हलवण्यात आली. पैशाची चणचण असलेले सरकार असे करीत नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये मात्र याच सरकारने पूर्वसूचना न देता इंधनावरील सवलत काढून घेतली. डिझेलचे दर दुप्पट झाले; बसगाड्यांना लागणाऱ्या वायूचे पाचपट. वायू निर्यात करणाऱ्या देशात कामावर जाण्याचे बसभाडे कामगाराला परवडेना. भिक्षापात्रे पालथी धरून भिक्षू रस्त्यावर उतरले ते या भाववाढीनंतर. निर्बंधांमुळे तिजोरीवर काही ताण आलाच असेल, तर तो राजवटीने कोणाकडे ढकलला याचे याहून उघड उदाहरण मिळणार नाही. हा ब्रह्मदेशाचाच काही खास दुर्गुण नव्हे. हैतीमध्ये १९९१ च्या बंडानंतर इंधनबंदी लादण्यात आली, तेव्हा शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमधून येणाऱ्या चोरट्या पेट्रोलच्या धंद्यात तेथील लष्करी अधिकाऱ्यांनीच हात धुऊन घेतले होते. टंचाई निर्माण झाली की नाक्यावर उभा असलेला बंदूकधारी श्रीमंत होतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. निर्बंधांची मागणी सू ची यांच्या पक्षानेच केली होती आणि त्या पक्षाला लोकांनी निवडून दिले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये या पक्षाने आढावा घेऊन असे म्हटले की, लोकांच्या हालांचे मुख्य कारण राजवटीचा गैरकारभार हे आहे, निर्बंध नव्हेत. यातील पूर्वार्ध निःसंशय बरोबर आहे. पण एखाद्याच्या घराला दुसऱ्याने आग लावली होती, एवढ्याने त्याच्या पाण्याचा हंडा फोडण्याचे समर्थन होत नाही. शिवाय निवडणुकीतील कौल हा लष्कराने जावे यासाठी होता. कपड्याचा कोणता कारखाना बंद व्हावा, हे कोणी मतपत्रिकेवर विचारले नव्हते. त्यागाचा निर्णय पुढाऱ्याने स्वतःपुरता घेतला तर तो वंदनीय असतो, आणि सू ची यांनी तो वर्षानुवर्षांच्या स्थानबद्धतेने घेतलाही. पण महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या मुलीच्या वतीने तो घेताना अधिक संकोच वाटावयास हवा होता.

२०१२ पासून निर्बंध सैल होत गेले. युरोपने जुलै २०१३ मध्ये जकातमाफी परत दिली आणि काही वर्षांतच तयार कपड्यांच्या धंद्यात काही लाख लोकांना काम मिळाले. किमान वेतन २०१८ साली दिवसाला ४,८०० क्याट, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतीन डॉलरच्या आसपास ठरले. ते फार नव्हते. पण कामगार संघटना उघडपणे काम करू शकत होत्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी जनरल मिन आंग लाइंग यांनी पुन्हा सत्ता बळकावली तेव्हा रंगूनच्या रस्त्यांवर सर्वांत आधी उतरणाऱ्यांत याच कपडा कारखान्यांतील स्त्रिया होत्या. निर्बंधांनी जे घडले नव्हते ते नोकरीने घडवले होते. २००३ च्या बंदीच्या समर्थकांनी या घटनेवर जितका विचार करावयास हवा होता तितका केलेला दिसत नाही.

या वेळी पाश्चात्त्य देशांनी मागील चुकीपासून काही धडा घेतला होता, हे मान्य केले पाहिजे. सरसकट आयातबंदी घातली गेली नाही. लष्कराच्या मालकीच्या दोन बड्या व्यापारी संस्थांवर मार्च २०२१ मध्ये निर्बंध आले. सरकारी तेल व वायू महामंडळावर युरोपने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि अमेरिकेने, काहीशा अर्धवट स्वरूपात, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते घातले. जून २०२३ मध्ये परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या दोन सरकारी बँका अमेरिकेने यादीत घातल्या. याचा परिणाम झाला. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या जून २०२४ च्या अहवालानुसार आंतरराष्ट्रीय बँकांच्या मार्गाने होणारी लष्कराची खरेदी एका वर्षात ३७.७ कोटी डॉलरवरून २५.३ कोटींवर आली. सिंगापूरमधून येणारी लष्करी सामग्री सुमारे ११ कोटींवरून एक कोटीच्या घरात घसरली, कारण सिंगापूरच्या सरकारने चौकशी सुरू केली. पण थायलंडमार्गे येणारी दुपटीने वाढली. खेड्यांवर बाँब टाकणाऱ्या विमानांचे सुटे भाग आणि इंधन ज्या पैशातून येते तो पैसा रोखणे हे कापडाच्या गाठी रोखण्याहून सर्वस्वी वेगळे काम आहे, आणि ते पुरते झालेले नाही, ही खरी तक्रार व्हावयास हवी.

तरीही नेमक्या जागी मारलेल्या या फटक्यांचा भारसुद्धा राजवटीने खाली ढकललाच. डॉलरची चणचण भासू लागताच ऑगस्ट २०२२ मध्ये अधिकृत दर २,१०० क्याट ठरवून निर्यातदारांवर सक्ती करण्यात आली की मिळवलेल्या परकीय चलनापैकी ६५ टक्के याच दराने सरकारच्या पदरात घालावे. खुला दर ३,००० क्याट धरला, तर प्रत्येक डॉलरमागे निर्यातदाराचे ५८५ क्याट, म्हणजे सुमारे एकपंचमांश रक्कम, गेली. व्यापारी हे नुकसान स्वतः सोसत नाही. तो शेतकऱ्याला तितका भाव कमी देतो. पुढे हे प्रमाण कमी केले गेले, पण पद्धत कायम राहिली. परदेशी मजुरी करणाऱ्यांनी कमाईचा चौथा हिस्सा सरकारी मार्गानेच घरी पाठवावा, असा दंडक २०२३ साली आला. किमान वेतन भत्ते धरून २०२४ मध्ये ६,८०० क्याट झाले, पण क्याटची किंमत इतकी ढासळली होती की खुल्या दराने ते जेमतेम दीड डॉलर भरत होते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पाहणीप्रमाणे २०१७ साली २४.८ टक्के असलेले दारिद्र्याचे प्रमाण २०२३ मध्ये ४९.७ टक्क्यांवर गेले. यातील सर्वाधिक वाटा बंडाचा, युद्धाचा आणि नोटा छापण्याचा आहे. परंतु परदेशी बँका निर्बंधांच्या धास्तीने ब्रह्मदेशाचे नाव असलेला प्रत्येक कागदच बाजूला सारू लागल्या, तेव्हा त्या कागदांत औषधे मागवणाऱ्याचीही हुंडी होती. सेनापतीला दुसरी बँक सापडते. औषधविक्रेत्याला बहुधा सापडत नाही.

मराठी माणसाला ब्रह्मदेश आठवतो तो लोकमान्यांच्या मंडालेमुळे आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. त्याचा रोजचा संबंध मात्र वरणाशी आहे. मध्य ब्रह्मदेशातील सगाइंग, मागवे, मंडाले या कोरडवाहू भागांत तूर पिकते, दक्षिणेकडील बागो व इरावतीच्या खोऱ्यात उडीद पिकतो. तेथील लोक या डाळी फारशा खात नाहीत, त्या भारतासाठीच पेरल्या जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये, येथील तुरीचे भाव पडले असताना, भारताने तूर, उडीद व मूग यांच्या आयातीवर मर्यादा घातली. ते निर्बंध कोणाला धडा शिकवण्यासाठी नव्हते, विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला आधार देण्यासाठी होते आणि त्यात गैर काही नव्हते. तरी तेथील भाव कोसळले आणि कर्ज काढून पेरलेला शेतकरी उघडा पडला. २०२१ साली हीच बंधने उठली आणि दरवर्षी अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर खाजगी व्यापाऱ्यांमार्फत घेण्याचा पाच वर्षांचा करार भारताने, बंडानंतर अवघ्या काही महिन्यांत, केला. लातूर-अकोल्याच्या डाळगिरण्यांना माल मिळाला, मुंबईच्या वाण्याला भाव आवरता आला आणि सगाइंगच्या शेतकऱ्याच्या हाती, कमी का होईना, रोख पैसा पडला. लोकशाहीच्या नावाने ही तूर नाकारली असती तर लष्कराचे काय बिघडले असते, हे सांगणे कठीण आहे. शेतकऱ्याचे काय बिघडले असते हे २०१७ ने दाखवले आहे.

मात्र या मुद्द्याचा आधार घेऊन दिल्लीने जे मौन पाळले, त्याचे समर्थन होत नाही. ‘निर्बंधांनी सामान्य माणूस भरडला जातो’ हे वाक्य तुरीच्या व्यापाराला लागू पडते, वायूच्या नाही. बंगालच्या उपसागरातील श्वे वायुक्षेत्रात भारताच्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची विदेश शाखा आणि गेल या दोन सार्वजनिक कंपन्यांची भागीदारी आहे; २०१३ पासून तेथील वायू नळाने चीनला जातो आणि त्यात ब्रह्मदेशाच्या त्याच सरकारी महामंडळाचा वाटा आहे. श्वेच्या वायूतून लष्कराला मिळालेला डॉलर सगाइंगच्या शेतकऱ्याकडे कोणत्याही वाटेने पोहोचत नाही; पोहोचते ते त्यातून घेतलेले बाँबगोळे. टोटाल व शेवरॉन यांनी जानेवारी २०२२ मध्ये यादानामधून बाहेर पडण्याची घोषणा केली, तेव्हा तो वाटा थायी सरकारी कंपनीकडे गेला आणि पैसा थांबला नाही. तसे श्वेच्या बाबतीत होऊ नये यासाठी भागीदारी मोडण्यापेक्षा, महामंडळाचा वाटा नागरी सरकार येईपर्यंत त्रयस्थ खात्यात अडकवून ठेवण्याची मागणी ब्रह्मदेशातील लोकशाहीवाद्यांनी केली होती. तिच्यावर भारताच्या संसदेत चर्चा व्हावयास हवी.

आणि तुरीविषयीही एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. २०२४ च्या प्रारंभी भारताने पंजाब नॅशनल बँकेमार्फत रुपयांतून या व्यापाराची देवघेव करण्याची व्यवस्था केली. तिचा हेतू डॉलरची अडचण टाळण्याचा होता. मुंबईच्या आयातदाराने भरलेला रुपया रंगूनला पोहोचल्यावर क्याटमध्ये कोणत्या दराने बदलला जातो, अधिकृत की खुल्या, आणि त्यातला किती सगाइंगच्या खळ्यापर्यंत जातो, हे गिऱ्हाईक या नात्याने विचारण्याचा भारताला पूर्ण अधिकार आहे. इतका मोठा गिऱ्हाईक तेथील डाळींना दुसरा नाही.